नम्रता कोणी दाखवायची?

1931 साली वॉशिंग्टन शहराजवळच्या रस्त्यावर एका मोटारीला भीषण अपघात झाला आणि तिशीच्या उंबरठ्यावरचा एक रेडिओ निवेदक कित्येक महिने इस्पितळाच्या खाटेला खिळून राहिला. हाडं मोडलेली, कुशीवर वळणंही अवघड, आणि सोबतीला फक्त रेडिओ. तोवर तो रेडिओवर बोलत आला होता. आता प्रथमच सकाळपासून रात्रीपर्यंत नुसता ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आलं की हे सगळे निवेदक एखाद्या मोठ्या सभेपुढे उभे असल्यासारखे बोलतात. घसा साफ करून, जमलेल्या स्त्रीपुरुषांना उद्देशून. पण रेडिओपुढे सभा कुठे असते? एखादी बाई एकटीच कपड्यांना इस्त्री करत असते. कोणी आरशासमोर दाढी करत असतो. कोणी त्याच्यासारखाच अंथरुणाला खिळलेला असतो. बरा होऊन माइकसमोर परत बसायचं ते एकाच माणसाशी बोलण्यासाठी, असं त्याने ठरवलं.

या निवेदकाचं नाव आर्थर गॉडफ्रे. आज जगात कुठेही सकाळी रेडिओ लावला की कोणीतरी आपल्याला जुन्या ओळखीच्या माणसासारखं बोलू लागतं, जांभई देतं, हवेबद्दल कुरकुरतं, स्वतःच्या घरातलं काहीतरी सांगतं. या पद्धतीचा उगम अनेकांकडे दाखवता येईल, पण तिला व्यवसायाचं रूप ज्यांनी दिलं त्यांत गॉडफ्रेचं नाव फार वरचं आहे. आणि याच माणसाने एका सकाळी आपल्या हाताखालच्या तेवीस वर्षांच्या गायकाला, कार्यक्रम चालू असताना, लाखो लोकांच्या कानांदेखत कामावरून काढून टाकलं. निवेदकाचा माइकपुढचा स्वभाव आणि माइकमागचा स्वभाव यांचा विचार करताना मला या प्रसंगाइतका बोलका दुसरा प्रसंग ठाऊक नाही, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

गॉडफ्रे 1903 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. घरची गरिबी, शाळा अर्धवट, पोरवयात घर सोडलेलं. नौदलात बिनतारी यंत्राचं काम शिकला, पुढे तटरक्षक दलात गेला. तिथे असतानाच 1929 मध्ये बॉल्टिमोरच्या एका केंद्रावर बॅन्जो वाजवून गायला आणि रेडिओला चिकटला तो कायमचा. अपघातानंतर 1934 च्या सुमारास तो वॉशिंग्टनच्या डब्ल्यूजेएसव्ही केंद्रावर सकाळचा कार्यक्रम करू लागला. रेकॉर्डी लावायच्या, वेळ सांगायची, जाहिराती वाचायच्या. जाहिरातीच वाचायच्या, पण त्याने त्या वाचल्या नाहीत, त्यांची थट्टा केली. लिहून आलेला मजकूर बाजूला सारायचा, त्यातल्या मोठमोठ्या विशेषणांना हसायचं, आणि मग आपल्या शब्दांत सांगायचं की माल मात्र खरंच बरा आहे. वॉशिंग्टनमधल्या एका फरकोटवाल्याच्या दुकानाबाहेर पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं असे. ते किती मळलंय यावर गॉडफ्रे सकाळी सकाळी बोलू लागला, आणि लोक अस्वल बघायला म्हणून दुकानापर्यंत जाऊ लागले. जाहिरातदार आधी चिडत, मग विक्रीचे आकडे पाहून गप्प बसत. कारण ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस मालकाचीसुद्धा भीड धरत नाही, तेव्हा आपल्याला फसवणार नाही.

एप्रिल 1945 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांची अंत्ययात्रा वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून निघाली, तिचं धावतं वर्णन करायला गॉडफ्रे होता. नवे अध्यक्ष ट्रूमन यांची मोटार समोरून गेली तेव्हा त्याला रडू कोसळलं. देशभर ते रडणं ऐकू गेलं. पत्रकारितेच्या शिस्तीत ते बसत नव्हतं, पण त्या दिवशी ज्यांना रडायचं होतं त्या सगळ्यांच्या वतीने तो रडला असं लोकांनी मानलं. महिना संपायच्या आत, 30 एप्रिलला, सीबीएस या प्रसारण कंपनीने त्याला सकाळचा राष्ट्रीय कार्यक्रम दिला. मग टेलिव्हिजन आलं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला सकाळचा कार्यक्रम रोजचा आणि शिवाय संध्याकाळचे आठवड्याला दोन, असा हा एकटा माणूस सीबीएसवर पसरला होता. कंपनीच्या उत्पन्नातला मोठा वाटा त्याच्या नावावर येत असे. लिप्टनचा चहा तो विकी, चेस्टरफील्ड सिगारेट तो विकी, आणि लोक विकत घेत.

या कार्यक्रमांत त्याच्याभोवती गायक-वादकांचं एक कुटुंब असे. लोकांनी त्यांना लाडाने 'छोटे गॉडफ्रे' नाव दिलं होतं. ही नुसती नोकरदार मंडळी नाहीत, एका प्रेमळ थोरल्या माणसाच्या पंखाखाली वाढणारी पोरं आहेत, असं चित्र रोज सकाळी रंगवलं जाई. ज्युलियस ला रोझा हा त्यांतला एक. ब्रुकलिनचा, इटालियन घरातला मुलगा. नौदलात होता. गॉडफ्रे फ्लोरिडातल्या पेन्साकोला तळावर गेला असताना त्याने या पोराचं गाणं ऐकलं आणि सांगितलं, नौदलातून सुटलास की माझ्याकडे ये. 1951 च्या नोव्हेंबरमध्ये ला रोझा खरोखर आला. दोन वर्षांत त्याच्या रेकॉर्डी खपू लागल्या आणि त्याच्या नावाने येणाऱ्या पत्रांचा ढीग मालकाच्या ढिगाशी स्पर्धा करू लागला.

पडद्यामागे त्या कुटुंबाची रीत वेगळी होती. कार्यक्रम संपला की बैठका होत आणि त्यांत गॉडफ्रे एकेकाची हजेरी घेई. काय घालावं, कसं वागावं, हे तो ठरवी. कोणी स्वतःचा एजंट ठेवायचा नाही, हा अलिखित कायदा होता. 1953 मध्ये जुन्या अपघातात दुखावलेल्या त्याच्या कमरेवर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि उन्हाळ्यात तो व्हर्जिनियातल्या आपल्या शेतावरून प्रसारण करत होता. वेदना त्याने आयुष्यभर भोगल्या, हे त्याच्या तापटपणाचा विचार करताना विसरता येत नाही. परतल्यावर त्याला वाटलं की आपली मंडळी रंगमंचावर अवघडून वावरतात. सगळ्यांनी बॅले नाचाच्या शिकवणीला जायचं, असं फर्मान निघालं. घरच्या एका अडचणीमुळे ला रोझा एके दिवशी गेला नाही. त्याच्या नावाची चिठ्ठी फलकावर लागली: शिकवणीला येण्याची गरज वाटत नसेल तर आजच्या कार्यक्रमातही तुझी गरज नाही, अशा अर्थाची. पोरगा दुखावला आणि त्याने तो अलिखित कायदा मोडला, एजंट नेमला. यापुढचे व्यवहार एजंटामार्फत होतील असं गॉडफ्रेला कळवण्यात आलं.

गॉडफ्रे सीबीएसचे अध्यक्ष फ्रॅंक स्टॅन्टन यांच्याकडे गेला. स्टॅन्टन यांचा सल्ला असा पडला की हा मुलगा तुम्ही लोकांसमोर घेतलात, तर काढायचाही लोकांसमोरच. आपला सल्ला चुकला असावा, हे स्टॅन्टन यांनी पुढे मान्य केलं.

19 ऑक्टोबर 1953, सोमवारची सकाळ. कार्यक्रमाचा बराच भाग टेलिव्हिजनवरही जाई, शेवटचा भाग फक्त रेडिओवर. त्या शेवटच्या भागात गॉडफ्रेने ला रोझाला बोलावलं, त्याच्याबद्दल चार गोड शब्द बोलला, आपल्याकडे मोठे नट-नट्या नाहीत, आपण साधी माणसं, असं काही म्हणाला आणि त्याला गायला लावलं. गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. आणि मग त्याच संथ, उबदार आवाजात गॉडफ्रेने श्रोत्यांना सांगितलं की हे ज्युलीचं आपल्याकडचं शेवटचं गाणं, आता तो स्वतःच्या वाटेने जाईल. बोलण्याची ढब इतकी मायाळू होती की काय झालं हे खुद्द ला रोझाला लगेच उमगलं नाही असं सांगतात. गॉडफ्रेने त्याच सुमारास आपल्या वाद्यवृंदाचा प्रमुख आर्ची ब्लेयर यालाही काढलं. ब्लेयरच्या रेकॉर्ड कंपनीने शिकागोच्या डॉन मॅकनील या दुसऱ्या एका सकाळच्या निवेदकाच्या रेकॉर्डी काढल्या होत्या, एवढा त्याचा गुन्हा.

इथपर्यंतसुद्धा प्रकरण निभावलं असतं. मालकाने नोकर काढला, रोज घडणारी गोष्ट. पण पत्रकारांनी कारण विचारलं तेव्हा गॉडफ्रेने जे सांगितलं त्याने त्याचा घात केला. तो म्हणाला, या मुलात नम्रता उरली नव्हती.

नम्रता! देशातल्या प्रत्येक विनोदी नटाने तो शब्द उचलला. महिनोन्महिने रंगमंचावर, रेडिओवर, वर्तमानपत्रांच्या सदरांत नम्रतेवर विनोद होत राहिले. लोक हसले, पण त्या हसण्याच्या तळाशी दुखावलेपण होतं. आपल्याशी एवढ्या आपुलकीने बोलणारा माणूस घरच्या पोराला असं वागवतो? ला रोझाला काही दिवसांतच एड सलिव्हनने आपल्या कार्यक्रमात बोलावलं आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. गॉडफ्रेचं मात्र एकेक वागणं उघडं पडत गेलं. जानेवारी 1954 मध्ये न्यू जर्सीच्या टेटरबोरो विमानतळावरून स्वतःचं विमान घेऊन उडताना तो नियंत्रण मनोऱ्याच्या अगदी जवळून गेला, आणि सहा महिने त्याचा वैमानिकाचा परवाना निलंबित झाला. 1955 च्या वसंतात त्याने एका झटक्यात गायिका मॅरियन मार्लो, हवाईची हालेलोके, मरिनर्स हे चौघांचं गायकपथक आणि लेखकही काढून टाकले. आधीच्या काळात ही बातमी आतल्या पानावर एका ओळीत गेली असती. आता ती पहिल्या पानावर आली.

त्याच्या सहकाऱ्यांना हा स्वभाव 1953 च्या आधीही ठाऊक होता. नवीन काही घडलं नव्हतं. नवीन एवढंच की त्या सकाळी स्टुडिओच्या आतला माणूस चुकून नव्हे, ठरवून बाहेर ऐकवला गेला. गॉडफ्रेला खरोखर वाटत होतं की श्रोते आपल्या बाजूने उभे राहतील. वर्षानुवर्षं त्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला होता, आणि हा विश्वास आपल्या मालकीचा आहे असं तो धरून चालला होता. माझ्या मते सकाळच्या निवेदकाला होणारा सर्वांत मोठा भ्रम हाच. लोक जिच्यावर प्रेम करतात ती त्याने दिलेली एक हमी असते: मी तुमच्यातला आहे. ती हमी मोडली की प्रेम राहायला जागाच उरत नाही.

पण गॉडफ्रेला नुसता ढोंगी ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. वर ज्या मरिनर्स पथकाचं नाव आलं त्यात दोन गोरे आणि दोन काळे गायक होते, चौघेही तटरक्षक दलातले. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांनी एका मंचावर बरोबरीने उभं राहणं हाच अनेकांच्या डोळ्यांत खुपणारा प्रकार होता. 1952 मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर हर्मन टॅल्मेज यांनी यावर जाहीर हल्ला चढवला. दक्षिणेतली केंद्रं हातची जातील, जाहिरातदार बिथरतील, हा धोका खरा होता. गॉडफ्रेने टॅल्मेज यांना जाहीर उत्तर दिलं आणि पथक मंचावर तसंच ठेवलं. अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला अजून दोन वर्षं होती. हे धाडस ढोंगी माणसाच्या हातून होत नाही. आणि याच माणसाने तीन वर्षांनी त्याच चौघांना एका झटक्यात घरी पाठवलं, हेही तितकंच खरं. बाहेरच्या बलवानाशी तो निर्भयपणे भांडू शके. आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाने मान वर केली की मात्र त्याला ते सोसत नसे. अशी माणसं आपण आपल्याकडच्या नाटकमंडळ्यांत, संगीताच्या घराण्यांत, संपादकांच्या खोल्यांतही पाहिली आहेत.

हॉलिवूडने या विषयावर लगोलग दोन चित्रपट काढले. 1956 चा 'द ग्रेट मॅन' एका लाडक्या रेडिओ निवेदकाच्या मृत्यूनंतर त्याचं खरं रूप शोधत जातो. 1957 चा एलिया कझानचा 'अ फेस इन द क्राउड' आजही बघण्यासारखा आहे. त्यातला लोनसम ऱ्होड्स हा निवेदक माइक बंद आहे असं समजून आपल्याच प्रेक्षकांना शिव्या घालतो आणि कोसळतो. कथेचा लेखक बड शुलबर्ग याने अनेक माणसं एकत्र करून हे पात्र घडवलं. गॉडफ्रेचं नाव त्यांत नेहमी घेतलं जातं. एक फरक मात्र मोठा आहे. ऱ्होड्सचा माइक दुसऱ्याने चालू केला. गॉडफ्रेच्या बाबतीत माइक चालू होता आणि त्याला ते ठाऊक होतं.

ज्या महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ला रोझाला काढलं गेलं त्याच महिन्यात, 2 ऑक्टोबर 1953 रोजी, पुण्यात आकाशवाणी केंद्र सुरू झालं. आपल्या घरांतली सकाळ पुढची कित्येक दशकं या आवाजांवर उजाडली: मंगलध्वनी, भक्तिगीतं, सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज ओळखत नाही असं घर पुणे परिसरात सापडणं कठीण होतं. पण त्या घरी कशा आहेत, सहकाऱ्यांशी कशा बोलतात, असा प्रश्न श्रोत्याच्या मनात येत नसे. येण्याचं कारणही नव्हतं. तो आवाज शुद्ध, वेळेवर आणि विश्वासार्ह असावा एवढाच करार होता. मी तुझी मैत्रीण आहे, असं त्या आवाजाने कधी म्हटलं नाही. 2001 नंतर खासगी एफएम आलं आणि करार बदलला. सकाळच्या कार्यक्रमाला निवेदकाचं नाव, निवेदकाचा चेहरा, निवेदकाचा स्वभाव लागू लागला. तो गॉडफ्रेचाच करार आहे.

त्या कराराची उलटी बाजूही आपण मुंबईत पाहिली. 2017 च्या पावसाळ्यात रेड एफएमवर सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या मलिष्काने रस्त्यांवरच्या खड्ड्यांवरून मुंबई महापालिकेला चिमटे काढणारं मराठी गाणं केलं, ते घरोघर वाजलं. काही दिवसांत महापालिकेच्या माणसांनी तिच्या घराची तपासणी केली, डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्याचं सांगितलं आणि नोटीस आली. निवेदिकेच्या घरातल्या अळ्यांचा तिच्या बोलण्यातल्या खरेपणाशी काडीचा संबंध नाही. खड्डे होते की नव्हते, हाच प्रश्न होता. माइकमागचं आयुष्य तपासायचं ते कोणी आणि कशासाठी, याचं भान सुटलं की निवेदकाचा स्वभाव हा त्याचं तोंड बंद करण्याचा बहाणा होतो. म्हणून मी माझ्यापुरती एक रेघ ओढली आहे. निवेदकाचं घर, लग्न, व्यसनं, देव, पैसा यांत मला रस नाही. त्याच्या हाती ज्यांची भाकरी आहे त्यांच्याशी तो कसा वागतो, तेवढं मला कळायला हवं. कारण त्यांच्याच जिवावर तो मला माझा मित्र भासत असतो.

डॉन आयमसचं उदाहरण गॉडफ्रेच्या नेमकं उलटं. न्यूयॉर्कचा हा सकाळचा निवेदक माइकवर फटकळ, अनेकदा क्रूर. माइकमागे मात्र त्याने पत्नीसह न्यू मेक्सिकोत एक रँच उभारलं होतं, तिथे कर्करोगाशी झगडणारी मुलं येऊन राहत, घोड्यांवर बसत, कामं करत. एप्रिल 2007 मध्ये त्याने रटगर्स विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाबद्दल, त्यांच्या रंगावरून आणि बाईपणावरून, अत्यंत हीन उद्गार काढले. आठवडाभरात सीबीएसने त्याला काढलं. तेव्हा त्याचे चाहते सांगत होते, तो प्रत्यक्षात असा नाही, रँच बघा. रँच खरं होतं, त्यातली माया खरी होती, यावर मी शंका घेणार नाही. आयमस त्या मुलींना भेटला, त्यांची माफी मागितली, त्यांनी ती स्वीकारली. पण ज्या मुली मैदानावर खेळून आल्या होत्या त्यांनी निवेदकाचं खासगी चांगुलपण आधी जाणून घ्यावं आणि मग दुखावून घ्यावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. वर्ष संपायच्या आत तो दुसऱ्या केंद्रावर परतला आणि 2018 पर्यंत बोलत राहिला.

गॉडफ्रेला 1959 मध्ये फुप्फुसाचा कर्करोग निघाला. वर्षानुवर्षं चेस्टरफील्ड विकलेल्या माणसाच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली, आणि त्याने आजार लपवला नाही. त्या काळी कर्करोगाचा उच्चारही लोक टाळत, तेव्हा हे मोकळेपण अनेकांना धीर देणारं ठरलं. टेलिव्हिजन त्याच्या हातून गेलं, सकाळचा रेडिओ राहिला. उत्तरायुष्यात तो पर्यावरणाच्या बाजूने कळकळीने बोलत असे. 30 एप्रिल 1972 रोजी, सुरुवातीपासून बरोबर सत्तावीस वर्षांनी, त्याने सकाळचा कार्यक्रम थांबवला. 16 मार्च 1983 ला तो गेला. व्हर्जिनियातल्या लीसबर्गच्या विमानतळाला आजही त्याचं नाव आहे.

एका माणसाशी बोलायचं, हा त्याने खाटेवर लावलेला शोध खरा होता. तो मोठा प्रसारक होता आणि वाईट मालक होता, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी लिहिल्याशिवाय त्याचं चरित्र पुरं होत नाही. नम्रता दाखवायची पाळी त्या स्टुडिओत कोणाची होती, तर ती तेवीस वर्षांच्या पोराची नव्हती. उद्या सकाळी तुमचा आवडता निवेदक बोलू लागला की त्याचं तुमच्याशी बोलणं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तो स्टुडिओतल्या तंत्रज्ञाशी, सहनिवेदकाशी, नव्याने आलेल्या मुलामुलीशी कसं बोलतो ते ऐका.

ज्युलियस ला रोझा पुढची साठहून अधिक वर्षं जगला, गात राहिला. मध्ये काही वर्षं तो न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू केंद्रावर स्वतःच माइकपुढे बसून रेकॉर्डी लावत असे, आणि श्रोत्यांचा लाडका होता. मे 2016 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी, तो वारला.